सीझ : शनिवार दहा ते रविवार सहा बावन्न

शनिवार, सकाळी 10.05 (उरले 20 तास 47 मिनिटं)

जानेवारीतला शनिवार. मीरा-भाईंदरमधल्या बेव्हर्ली पार्कातल्या आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या घरात, जेवणाच्या टेबलावर भाचा खोकं फोडत बसला होता. आतून जे निघालं ते बघून ताई म्हणाली, “हे काय, तुतारी मागवलीस?” दिसत होतं खरं तसंच. सुरुवातीला बारीक, मध्ये पोट सुटलेलं आणि शेवटी पुन्हा निमुळतं झालेलं नळकांडं, म्हणजे एक्सपान्शन चेंबर. सोबत शंकूच्या आकाराचा एअर फिल्टर आणि फुकटचे तीन स्टिकर. मेन जेटचा, म्हणजे कार्ब्युरेटरमध्ये पेट्रोल मोजून सोडणाऱ्या पितळी भोकांचा, संच दुसऱ्या पार्सलने येणार होता, मंगळवारी.

गाडी बाबांची. यामाहा आरएक्स 100, त्यांनी 1993 साली घेतलेली. ही गाडी आपल्याकडे 1985 मध्ये आली आणि 1996 मध्ये बंद झाली. भाचा बावीस वर्षांचा, म्हणजे ती बंद पडल्यावर बऱ्याच वर्षांनी जन्मलेला. तरी तिच्यावर त्याचा जीव आमच्यापेक्षा जास्त. 98 सीसी, 11 अश्वशक्ती, आणि वजन इतकं कमी की दोघांनी उचलून जिन्याखाली ठेवावी.

“मामा, अकराचे पंधरा होतात,” भाचा म्हणाला.

मी अठ्ठेचाळीस वर्षांचा. “सोळा होतील का?” असं मी विचारलं. यावरून पुढच्या वीस तासांचा दोष कुणाचा, हे वाचकांनीच ठरवावं.

त्या सुटलेल्या पोटाचं काम मात्र सांगायला हवं. टू-स्ट्रोक इंजिनाच्या सिलिंडरला झडपा नसतात, नुसती भोकं असतात. जळका धूर बाहेर पडतो तेव्हा त्याच्यामागून थोडं ताजं मिश्रणही निसटतं. नळकांड्याच्या निमुळत्या शेवटावर आपटून दाबाची एक लाट उलटी येते आणि हे निसटलेलं मिश्रण पुन्हा आत ढकलते. लाट नेमक्या क्षणी पोचावी म्हणून पोटाचा आकार. पूर्व जर्मनीतल्या एमझेड कारखान्यात वॉल्टर काडन नावाच्या इंजिनिअरने हे रेसिंगसाठी इतकं पक्कं केलं की 1961 पर्यंत त्याचं 125 सीसीचं इंजिन 25 अश्वशक्ती देत होतं. मग आपल्या 98 ला पंधरा का नाही, हा भाच्याचा प्रश्न कागदावर चूक नव्हता. फक्त काडनच्या हाताशी आख्खं वर्कशॉप होतं आणि आमच्या हाताशी एक शनिवार.

सकाळी 11.40 (उरले 19 तास 12 मिनिटं)

आरएक्सला हात लावणारा मिस्त्री हल्ली शोधावा लागतो. आम्हाला मिळालेला उस्ताद रस्त्यापलीकडच्या एका गाळ्यात बसतो. मीरा-भाईंदर रस्त्यावरच्या मेट्रोच्या खांबांची धूळ त्याच्या हत्यारांवर बसलेली असते आणि तो प्रत्येक पाना उचलताना आधी फुंकर मारतो.

आधी सायलेन्सर उतरला. मग फिल्टरचा काळा डबा, म्हणजे एअर बॉक्स. कंपनीने जेट ठरवला तो या डब्यातून जेवढी हवा येते तेवढ्याच हवेसाठी. डबा गेला, त्या जागी उघडा शंकू आला. हवा वाढली. जेट तोच.

मग आमचा भाचा म्हणाला, “ऑइल पंपपण काढा.”

आरएक्सला वेगळी तेलाची टाकी असते. एक छोटा पंप इंजिनाचा वेग आणि ॲक्सिलेटरची ओढ असं दोन्ही बघून तेल सोडतो. ट्यूनिंगवाल्या पोरांमध्ये हा पंप काढून पेट्रोलमध्येच तेल मिसळायची रीत आहे. कारण काय, तर पंप कधी दगा देईल सांगता येत नाही. बत्तीस वर्षांत आमच्या पंपाने एकदाही दगा दिला नव्हता. उस्तादाने माझ्याकडे पाहिलं. मी मान डोलावली. पंपाच्या जागी पत्र्याची चकती बसली.

तेवढ्यात भंगारवाला आला. सायलेन्सर, काळा डबा, पंप, सगळं मिळून अडीचशे रुपये. भाच्याने त्यातून थंडा आणला.

दुपारी 1.30 (उरले 17 तास 22 मिनिटं)

हेड लेथवर अर्धा मिलिमीटर घासून आणलं. कॉम्प्रेशन वाढतं. उष्णताही वाढते. आम्ही वडापाव खाल्ले.

दुपारी 4.15 (उरले 14 तास 37 मिनिटं)

दुसऱ्या किकला सुरू झाली. तो आवाज कसा सांगू? जुनी आरएक्स टणटण वाजते, लांबून ओळखू येते. ही किंचाळली. समोरच्या दुकानातलं लहान मूल रडायला लागलं आणि भाच्याच्या डोळ्यांत पाणी आलं, दोन्ही वेगवेगळ्या कारणांनी.

उस्तादाने हात पुसत दोन गोष्टी सांगितल्या. “जेट आने तक चालीस के ऊपर मत भगाना. और एक चक्कर मार के प्लग देख लेना.”

प्लग बघणं म्हणजे दोन मिनिटांचं काम. 21 चा प्लग पाना सीटखालच्या हत्यारांच्या पिशवीत असतो. गाडी जरा जोरात पळवायची, क्लच दाबून इंजिन तिथल्या तिथे बंद करायचं, प्लग काढायचा आणि टोकाजवळच्या चिनी मातीचा रंग पाहायचा. चहासारखा तपकिरी आला तर ठीक. काळा, तेलकट आला तर पेट्रोल जास्त. पांढराफटक आला तर पेट्रोल कमी पडतंय, हवा जास्त होतेय, आत भट्टी पेटलीय. बाबा दर महिन्याच्या पहिल्या रविवारी हे करायचे आणि प्लग माझ्या नाकाखाली धरून “सांग, काय रंग?” असं विचारायचे.

आम्ही चक्कर मारली. एक नाही, चार मारल्या. प्लग कुणी काढला नाही.

संध्याकाळी 6.00 (उरले 12 तास 52 मिनिटं)

पेट्रोल पंप. पूर्वी पंपावर टू-टी तेलाचं हातपंपाचं यंत्र असायचं. पोरगा दांडा दाबायचा आणि हिरवं-निळं तेल पेट्रोलबरोबर टाकीत उतरायचं. आता ते दिसत नाही. भाच्याने शंभर मिलीचं तेलाचं पाकीट दाताने फाडलं आणि टाकीत ओतलं. वर पाच लिटर पेट्रोल. मग आम्ही दोघांनी गाडी धरून डावी-उजवी हलवली, तेल मिसळावं म्हणून. पंपावरचा माणूस आमच्याकडे बघत राहिला.

हिशेब केला तर लिटरला वीस मिली. डोकं घासलेल्या, चेंबर लावलेल्या, हवेवर थंड होणाऱ्या इंजिनाला तीस-चाळीस तरी द्यायला हवं होतं. पाकीट शंभरचंच मिळत होतं आणि दुसरं घ्यायला भाच्याकडे सुटे नव्हते.

त्यात हल्लीचं पेट्रोल. वीस टक्के इथेनॉल. पेट्रोल नीट जळायला वजनाने साधारण 14.7 पट हवा लागते, इथेनॉलला नऊ पटच. म्हणजे तेवढ्याच हवेला हे मिश्र पेट्रोल जास्त द्यावं लागतं. आजच्या गाडीचा संगणक ते ओळखून देतो. कार्ब्युरेटर म्हणजे पितळेच्या भोकाचा हिशेब. 1993 साली जेवढं भोक पाडलं तेवढंच पेट्रोल तो देणार. बॉक्स काढल्याने मिश्रण लीन, म्हणजे हवा जास्त आणि पेट्रोल कमी असं, झालं होतं. टाकीतल्या पेट्रोलने ते आणखी लीन झालं.

रात्री 8.50 (उरले 10 तास 2 मिनिटं)

सोसायटीच्या आवारात भाचा रेस करत होता. दुसऱ्या मजल्यावरून एकाने, पहिल्यावरून दोघांनी ओरडून झालं. सेक्रेटरी खाली आले, वकील आहेत. त्यांनी शांतपणे सांगितलं की मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे आरसीतल्या माहितीशी न जुळणारे बदल गाडीत करता येत नाहीत, सर्वोच्च न्यायालयाने 2019 च्या जानेवारीत ते पुन्हा ठणकावलंय, आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर मालकाला प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. “तुमचे बदल किती?” त्यांनी विचारलं. भाचा बोटांवर मोजू लागला. मी त्याला वर पाठवलं.

वर बाबा गॅलरीत उभे होते. पंचाहत्तरी ओलांडलीय, कान अजून शाबूत आहेत.

“आवाज कोरडा येतोय,” ते म्हणाले.

“चेंबरचा आहे तो, बाबा. तसाच असतो.”

“चेंबरचा मोठा येईल. कोरडा का येतोय?”

मला उत्तर माहीत नव्हतं, म्हणून मी जेवायला बसू या म्हटलं. बाबा आणखी काही बोलले नाहीत. पण भाचा झोपायला जाताना त्याला म्हणाले, “उद्या क्लचवर दोन बोटं ठेवा रे.” तो “हो आबा” म्हणाला. मला त्यांनी सांगितलं नाही. मला माहीत असणार असं धरून चालले होते.

रात्री 11.20 (उरले 7 तास 32 मिनिटं)

झोप येईना. एर्न्स्ट डेग्नरची गोष्ट आठवत पडलो. हा काडनचा सर्वात तेज रायडर. सप्टेंबर 1961, स्वीडनमधल्या क्रिस्टियानस्टाडची शर्यत. जगज्जेतेपद हाताशी आलेलं आणि त्याचं एमझेड सुरुवातीच्या फेऱ्यांतच बंद पडलं. शर्यत संपली आणि डेग्नर पूर्व जर्मनीला परतलाच नाही. त्याची बायकोमुलं त्याच सुमारास एका गाडीच्या डिकीत लपून पश्चिमेकडे आली. पुढच्या वर्षी तो सुझुकीवर 50 सीसीचा जगज्जेता झाला आणि काडनच्या पोटवाल्या नळकांड्याचं गुपित जपानला पोचलं. इंजिन त्याने मुद्दामच मोडलं, असा एमझेडवाल्यांचा आरोप होता.

आज आमच्या टेबलावर आलेली तुतारी त्याच घराण्यातली. मला गंमत वाटली ती वेगळीच. काडनसारख्या माणसाने बांधलेलं इंजिन भर शर्यतीत गेलं तर लोकांना घातपाताचा संशय आला. आमचं गेलं असतं तर कुणालाही आला नसता.

रविवार, पहाटे 5.40 (उरला 1 तास 12 मिनिटं)

बेत साधा होता. घोडबंदर रस्त्याने ठाण्याला जाऊन मिसळ खायची आणि परत यायचं. बेव्हर्ली हे नाव कॅलिफोर्नियाच्या टेकड्यांचं, पण आमच्या बेव्हर्लीत टेकडी नाही. खाडी आणि मिठागरांची सपाट जमीन सगळी. चढ हवा असेल तर गायमुखच्या घाटापर्यंत जावं लागतं. आणि चेंबर लावलेली गाडी चढाला ओढते कशी, हे बघायचं होतंच.

मोबाइलवर तापमान 18 दाखवत होतं. काल दुपारी गाळ्यात 34 होतं. सोळा अंशांनी हवा गार झाली की ती साधारण पाच टक्के दाट होते. म्हणजे त्याच भोकातून येणारं तेच पेट्रोल आणि हवा आणखी पाच टक्के जास्त. आम्ही स्वेटर घातले.

पहाटे 6.18 (उरली 34 मिनिटं)

काशीमिरा नाका. पुढे मी, मागे भाचा. वेग पंचेचाळीस. उस्तादाची चाळीशी आम्ही इथेच ओलांडली.

सकाळी 6.31 (उरली 21 मिनिटं)

फाउंटन हॉटेलपाशी उजवीकडे घोडबंदर रस्त्याला लागलो. इथे मला कबूल करायला हवं की बत्तीस वर्षांत ती गाडी इतकी सुंदर कधी चालली नव्हती. हलकी, मोकळी. ॲक्सिलेटर जरा वळवला की पुढे झेपावत होती, चौथ्यात सत्तर, पंच्याहत्तर. हेल्मेटच्या आत मी हसत होतो.

टू-स्ट्रोकची हीच खोड आहे. लीन होत गेलं की आधी ते खुशीत येतं. कंपनीने इंजिनाच्या जिवासाठी पेट्रोल जरा जास्तच दिलेलं असतं. ते कमी झालं की आळस गेल्यासारखा वाटतो. ते जादा पेट्रोल पिस्टनला गारवा देत होतं, हे चालवणाऱ्याला कळत नाही. तो अजून पिळतो.

सकाळी 6.44 (उरली 8 मिनिटं)

चेना मागे पडलं, काजूपाडा गेला, चढ सुरू झाला. मी तिसरा टाकला आणि पूर्ण पिळली. आठ हजार फेऱ्यांना पिस्टन सेकंदाला 133 वेळा खालीवर होतो, आणि टू-स्ट्रोकमध्ये दर फेरीला स्फोट. मागे सत्तर किलोचा भाचा, पुढे कंटेनर, बाजूला कंटेनर. न्हाव्या-शेव्याकडून गुजरातकडे आणि तिकडून इकडे जाणारी अवजड वाहनं या रस्त्याला कायमची.

चढाच्या मध्यावर खालून बारीक खणखण ऐकू आली. डब्यात खडे हलवावेत तशी.

“चेंबरची स्प्रिंग सैल झाली वाटतं,” मी मागे ओरडलो.

“ठाण्यात बघू,” भाचा ओरडला.

स्प्रिंग घट्ट होती. ठिणगी पडण्याआधीच किंवा पडल्यावर भलतीकडेच मिश्रण भडकत होतं आणि पिस्टनच्या डोक्यावर हातोडी बसत होती. घासलेलं हेड, लीन मिश्रण, चढ, डबलसीट.

सकाळी 6.51 (उरलं 1 मिनिट)

माथा. समोर उतार, खाली ठाण्याच्या बाजूचे दिवे. सूर्योदयाला वीसेक मिनिटं होती. मी ॲक्सिलेटर सोडला आणि गाडी गिअरमध्येच उताराला लावली.

इतकं सगळं होऊनही चढ त्या इंजिनाने काढला होता. मी मारलं ते उतारावर. ॲक्सिलेटर बंद म्हणजे पेट्रोल जवळपास बंद. पेट्रोल बंद म्हणजे त्यात मिसळलेलं तेलही बंद. चाक मात्र उतारामुळे इंजिनाला जोरात फिरवतंय. जुना पंप असता तर फेऱ्या बघून त्याने थोडं तरी तेल सोडलं असतं. त्याच्या जागी पत्र्याची चकती होती.

सकाळी 6.52

आधी एक चिरका आवाज आला, पाटीवर नख ओढल्यासारखा. मग इंजिन सीझ झालं, पिस्टन सिलिंडरमध्ये अडकला आणि मागचं चाक थांबलं.

चाक थांबलं म्हणजे ब्रेक लागला तसं नव्हे. फिरायचं बंद झालं आणि गाडी मात्र पंचावन्नने पुढे. आरएक्सचा पुढचा दिवा इंजिनावर चालतो, इंजिन थांबलं तसा तोही गेला. मागचा भाग उजवीकडे सरकला. माझ्या डाव्या हाताची चारही बोटं मुठीवर होती, क्लचवर एकही नव्हतं. ती तिथवर न्यायला किती वेळ लागला ते सांगता येणार नाही. तेवढ्यात भाचा कानाशी “मामा क्लच!” म्हणून ओरडला आणि मी दाबला.

चाक सुटलं. गाडी दोनदा हलली, सरळ झाली, डावीकडच्या खडीत जाऊन थांबली. मागच्या कंटेनरने लांबलचक हॉर्न वाजवत आम्हाला ओलांडलं. त्याच्या वाऱ्याने भाच्याच्या हेल्मेटची काच बंद झाली.

कुणाला खरचटलंही नाही. मागचा टायर एका जागी कापडापर्यंत झिजला होता.

नंतर

पावणेनऊला छोटा टेम्पो मिळाला. साडेअकराला उस्तादाने हेड उघडलं. काही बोलला नाही, आधी प्लग काढून माझ्या हातात ठेवला. खडूसारखा पांढरा.

पिस्टन पन्नास मिलिमीटरचा, ॲल्युमिनिअमचा. ज्या बोअरमध्ये तो खालीवर होतो तो लोखंडी. दोघांमधली फट मिलिमीटरच्या काही शतांशांची, केसाहून कमी. तापल्यावर ॲल्युमिनिअम लोखंडाच्या जवळपास दुप्पट फुगतं, आणि एवढ्या फटीला तेवढं पुरतं. एक्झॉस्टच्या बाजूने उभे ओरखडे, रिंगा खाचेत चिकटलेल्या, डोक्याच्या कडेला वाळू मारल्यासारखे बारीक खड्डे. ॲल्युमिनिअमचा एक पातळ पापुद्रा बोअरला चिकटून आला होता. उस्तादाने तो नखाने सोलून दाखवला.

बाबांनी पिस्टन हातात घेऊन बराच वेळ फिरवला. “क्लच कुणी दाबला?” त्यांनी विचारलं. मी म्हटलं, मी दाबला, पण हा ओरडला म्हणून. त्यांनी भाच्याला पिस्टन देऊन टाकला.

बोअर वाढवून नवा पिस्टन, रिंगा, गजन पिन, गास्केट, हेड, टायर, टेम्पो धरून खर्च साडेअकरा हजार झाला. मेन जेटचा संच मंगळवारी दुपारी आला, तीनशे चाळीस रुपयांचा. चेंबर भाच्याच्या खोलीत भिंतीला टांगलेला आहे.

गाडी आता पुन्हा कंपनीने दिली होती तशी करायचं ठरलंय. पंप मिळाला, सायलेन्सर भिवंडीहून मिळाला. अडलंय ते अडीचशे रुपयांच्या भंगारात गेलेल्या त्या काळ्या डब्यावर. तुमच्या माळ्यावर किंवा एखाद्या काकांच्या बंद गॅरेजात आरएक्सचा जुना एअर बॉक्स पडून असेल, तर भंगारात देऊ नका. आम्ही घेऊ. झाकण नसलं तरी चालेल.